सलग रेघ

इटलीतल्या ज्या राजवाड्यावर मी चार वर्षं पीएचडी करते आहे, तो मी अजून डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि हे ऐकून कुणी हसलं तर मी त्याला दोष देत नाही. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली आहे. इथे राहून शिकता येतं, पण एकदा इटलीला गेले की परत अमेरिकेत, ॲन आर्बरला येऊ देतील याची खात्री नाही. त्यामुळे पंधराव्या शतकात एका रेशीम व्यापाऱ्याने बांधलेली, पुढे सैनिकांची बराक, मग मुलींची शाळा आणि शेवटी म्युझियम झालेली ती वास्तू मला ठाऊक आहे ती जुन्या नकाशांतून आणि म्युझियमने पाठवलेल्या मोजमापांतून.

त्या मोजमापांत एक गोम होती. चौकालगतची बाजू बाहेरून मोजली की आतल्यापेक्षा नऊ फूट जास्त भरायची, म्हणजे मध्ये काहीतरी बुजवलेलं असणार. आमच्या धंद्यात पुराव्याने सिद्ध झालेलं सलग रेघेने काढतात आणि नुसता अंदाज असेल तर तुटक रेघेने. जानेवारीतल्या एका दुपारी, बाहेर बर्फ आणि डोक्यावर डेडलाइन असताना, मी तिथे एक खोली काढली: दारातून दोन पायऱ्या खाली, डाव्या हाताला दिव्याचा कोनाडा. कोनाडा तर सरळसरळ आमच्या साताऱ्याच्या घरातला, हात गेला तसा काढला. आणि सगळं सलग रेघेने.

"सोर्स?" माझ्या गाइडने विचारलं.

चूक झाली म्हणायचं सोडून मी म्हणाले, "जुना सर्व्हे." नको तिथला शहाणपणा नडतो तो असा. तसा कुठलाही सर्व्हे नाही हे उघड झालं असतं तर पीएचडी गेली असती, आणि तिच्याबरोबर इथला मुक्कामही.

महिन्याभराने म्युझियमने पाइप टाकताना त्या भिंतीला भोक पाडून आत कॅमेरा घातला. फोटो आला. दोन पायऱ्या, डाव्या हाताला कोनाडा, कोनाड्यात काजळी. गाइड कितीतरी वेळ माझा हात हलवत राहिले आणि मी बोलाफुलाला गाठ पडली अशी स्वतःची समजूत घालत राहिले. काजळी काही मी काढली नव्हती, एवढाच काय तो आधार.

पण चैन पडेना. बसमध्ये, लायब्ररीत, कुकर लावताना, सारखी ती खोली डोळ्यांपुढे. शेवटी एका सकाळी मी मुद्दाम पश्चिमेच्या भिंतीत एक अरुंद खिडकी काढली, फाइल सेव्ह केली आणि कुणालाही पाठवली नाही. तीन दिवसांनी नवे फोटो आले, त्यांत पश्चिमेला विटांनी बुजवलेली अरुंद खिडकी होती. मी आधीचा फोटो उघडून बघितला. त्यात त्याच जागी कोरा गिलावा होता. मला भीती वाटली. खिडकी पुसायचंही धाडस होईना, कारण पुसली तर तिकडे काय होईल कोण जाणे.

त्यानंतर मी त्या फाइलला हात लावला नाही. सगळं सांगून मोकळं व्हावं असं रोज वाटे आणि रोज मी गप्प बसे. मग गुरुवारी निरोप आला की उद्या भिंत फोडणार, खोलीचा उभा छेद, म्हणजे खोली मधोमध कापल्यासारखं दाखवणारं ड्रॉइंग, आजच पाठवा. होतं तेवढंच मी काढलं, एक रेघही जास्त नाही, आणि शीट नीट लावून पाठवायचं काम माझी रूममेट ज्ञानदा हिच्यावर सोपवलं. तीही आर्किटेक्चरचीच. तिला मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ती चहा गाळत होती.

"पाठवलंस ना?"

"कालच. आणि काय गं, माणूस टाकायला विसरलीस? उंची कशी कळणार? मी टाकला."

उंची कळावी म्हणून छेदात एक माणूस काढायची आमच्याकडे पद्धतच आहे. पहिल्या वर्षापासून सगळ्यांच्या हातात बसलेली. मी घड्याळ बघितलं. आठ वाजले होते, म्हणजे इटलीत दुपारचे दोन, आणि भिंत तिकडे सकाळीच फोडायला घेतली होती.

"कसा काढलास?"

"कसा म्हणजे? उभा, यार. दाराकडे तोंड करून." तिने कप माझ्यासमोर ठेवला. "चालत येतोय असा दाखवलाय, म्हणजे ड्रॉइंग जिवंत वाटतं."