अंगाची आग

या, जरा पुढं सरकून बसा. एका शब्दानं वडवणीच्या नीलाबाईचा कसा छळ मांडला, ते आज नीट सांगायचं आहे.

नीलाबाई म्हणजे मन्मथप्पा किराणावाल्याची बायको. दोन वर्षं झाली, तिचे तळपाय आणि तळहात विस्तवावर धरल्यासारखे पेटतात. बीडला रक्त तपासलं, नसा तपासल्या. कागदावर काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका."

त्यात जाऊ तुळजाबाईच्या घराची वास्तुशांती आली. पंगतीत वाढता वाढता नीलाबाई बोलून गेली, "अंगाची नुसती आग व्हायलीय." झालं. जावेनं तो शब्द आपल्या नव्या स्लॅबला लावून घेतला. त्या दिवसापासून नीलाबाई गल्लीत जळकी ठरली. मोठ्या डॉक्टरकडं संभाजीनगरला न्या म्हटलं, की मन्मथप्पाही म्हणायचा, "जावेवर जळणं सोड, आपोआप थंड व्हशील."

श्रावणात शिवकीर्तन बसलं. महाराज उतरले तुळजाबाईकडंच. रंगात येऊन ते म्हणाले, "काही बायांच्या अंगाची दुसऱ्याचं घर बघून आग होते, बरं का." मंडप हसला. टाळकऱ्यांत उभा मन्मथप्पाही हसला.

कीर्तनात मध्येच बोलू नये, हे नीलाबाईला कुणी शिकवायला नको. गावातलं एकही कीर्तन तिनं कधी चुकवलं नव्हतं. तरी ती उठली.

"महाराज, मत्सर असता तर मी लपवला असता. दुखणं हाय म्हणून सांगते. रोज सकाळी ह्या डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग पूजेला घेते, तवा हाच हात पेटतो. हातावर देव असताना मी कुणावर जळू?"

तुळजाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मग माझ्या वास्तुशांतीलाच काहून बोललीस?"

"त्या दिशी बी आग होत होती म्हणून. तुझा मुहूर्त इचारून थांबंल व्हय ती?"

आता कुणी हसलं नाही. महाराज खाली बघत म्हणाले, "चुकलं, माय. आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

मन्मथप्पानं गळ्यातले टाळ काढले. "सोमवारी जाऊ संभाजीनगरला."

"दोन वर्षं सांगत होते, तवा सोमवार येत न्हवता का?" एवढं बोलून ती खाली बसली.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनाही कारण सापडलं नाही. पण "आग खरी आहे" असं त्यांनी नवऱ्यादेखत सांगितलं. ती आग अजून होते. पण दुखणं खरं आहे, एवढं ऐकायला बाईला भर मंडपात उभं राहावं लागलं, ह्याची मात्र चीड येते.

तुमच्या घरात कुणी म्हणालं, आग होते, तर कुठं होते ते आधी विचारा. आणि पूजेला बसाल तेव्हा नीलाबाईची आठवण ठेवा.