विसर्जनाची खोली

आपल्या देशात देवाचं चित्र नसलेली वस्तू विकत मिळत नाही, हे मला लग्नानंतर कळलं. उदबत्तीच्या पुड्यावर गणपती, तांदळाच्या पिशवीवर अन्नपूर्णा, मिठाईच्या डब्यावर राधाकृष्ण. लग्नपत्रिकांचं तर विचारूच नका. बाकीचे लोक या गोष्टी साठल्या की चोरासारखे इकडेतिकडे बघत पिंपळाखाली ठेवून येतात. आमचे हे पिंपळाखालून उचलून घरी आणतात.

हे म्हणजे मधुसूदनराव, माझे यजमान. शाळेत संस्कृत शिकवून रिटायर झाले. पूर्वज शिंद्यांच्या दरबारात पुराण सांगायचे, म्हणून ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात सगळे त्यांना पंडितजी म्हणतात. देवाचं चित्र केरात जाऊ नये, चंबळला नेऊन विधिवत विसर्जन करावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चांगलंच आहे. चंबळ गाडीनं तासाभरावर आहे आणि हे अजून निघायचे आहेत.

मधली खोली आमच्या गरिमाची. ती लग्न होऊन भोपाळला गेली आणि तिच्या पलंगावर पत्रिका चढल्या. मग कॅलेंडरं, मग फुटक्या तसबिरी, मग ज्यांच्यावर नुसतं 'श्री' छापलंय अशी खोकी. आता दार अर्धंच उघडतं आणि हे त्यातून आडवे होऊन आत जातात. त्यात शेजारीपाजारी. टोपी बाजारातले दुकानदार दिवाळीनंतर जुन्या तसबिरींची पोती पाठवतात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

मी थकले होते. भांडून थकले होते, झाडून थकले होते, पाहुण्यांना दारातूनच परत पाठवून थकले होते. पण या वर्षी थकून चालणार नव्हतं. गरिमाला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि तिला लहानपणापासून दमा.

"आई, रूमचं काय झालं? सच सच सांग," ती फोनवर म्हणायची.

"होऊन जाईल गं."

"तू दर वेळी हेच म्हणते. डॉक्टरनी धुळीत राहायला साफ मना केलंय. इथे सासूबाई सगळं करायला तयार आहेत. पण मला तुझ्याचकडे यायचं आहे, समझ ना."

मला का कळत नव्हतं? त्या खोलीत तिला तेल लावायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, एवढंच एक माझ्या डोक्यात होतं.

शेवटी फूलबागेजवळच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे मी यांना घेऊन गेले. "माझी झोप उडालीये, सोबत चला," असं सांगून नेलं. बाई तरुण होती, पण घाई नव्हती तिला. तिनं यांना विचारलं, "एखादी पत्रिका टाकायची म्हटलं की काय होतं?"

हे म्हणाले, "छातीत धडधडतं. कुणाला तरी घराबाहेर काढतोय असं वाटतं."

हे यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी असं विचारलंही नव्हतं. मी नुसती ओरडायचे.

बाईंनी मला समजावलं. हा हट्ट नाही आणि भक्तीही नाही, आजार आहे. टाकायची वेळ आली की यांना खरोखरीचा त्रास होतो, आणि न टाकता ठेवून दिलं की तो थांबतो, म्हणून ठेवायची सवय घट्ट होत जाते. यांच्या मागे खोली रिकामी करू नका. खोली पुन्हा भरेल, आणि तुमच्यावरचा विश्वास मात्र जाईल. रोज थोडं, त्यांच्याच हातानं. एक वस्तू बाहेर ठेवायची आणि धडधड उतरेपर्यंत शेजारी बसायचं. महिने लागतील, काही वेळा वर्षं.

"बाळ थांबेल का वर्षभर?" मी विचारलं.

तरी बसलो आम्ही. रोज चहानंतर हे एक पत्रिका घेऊन यायचे, दाराबाहेरच्या पिशवीत ठेवायचे आणि माझ्याजवळ घामाघूम होऊन बसायचे. मी त्यांचा हात धरायचे. खरं सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला यांचा राग आला नाही. पिशवी भरायला आली, पलंगाचा एक कोपरा दिसायला लागला. तेवढ्या कोपऱ्यावर मी मनानं पाळणा टांगून मोकळी झाले.

आणि तेवढ्यात आमच्या मराठी मंडळानं यांचा सत्कार ठरवला.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात सभा. सेक्रेटरी अभिराम माइकवर म्हणाला, "मधुसूदनकाकांनी वर्षानुवर्षं देवांची विटंबना थांबवली. अशी सेवा हल्ली कोण करतं?" शाल, श्रीफळ, टाळ्या. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. हे ताठ बसले होते, डोळे भरून आलेले. शेजारच्या इंदुताई माझ्या कानाशी लागल्या, "भाग्यवान हो वहिनी तुम्ही." मग अभिरामनं जाहीर केलं, "यंदापासून सगळ्यांनी आपल्या घरच्या पत्रिका आणि तसबिरी काकांकडेच पोचवाव्यात!"

मी उठले. माइकपर्यंत कशी गेले आठवत नाही.

"कुणी काही आणू नका," मी म्हणाले. "ही सेवा नाही. यांना आजार आहे. यांच्याच्यानं काही टाकवत नाही. माझ्या पोरीला बाळंतपणाला यायचंय आणि तिला झोपायला जागा नाही."

अभिराम हसला, मग त्याला हसता येईना. यांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि मांडीवर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

ऑटोत हे शाल मांडीवर घेऊन बाहेर बघत बसले. माझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवशीचं बोलणं मला परत घ्यायचं नव्हतं. नुसती भीती वाटत होती, की यांनी आता मनाचं दार लावून घेतलं.

घरी पोचलो तर दारात पोती. अभिरामनं मंडळात आधीच सांगून ठेवलं होतं, लोकांनी सभेला येतानाच आणून टाकलेली. हे त्यांच्यासमोर उभे राहिले. हात पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. मग एकेक पोतं उचलून त्यांनी आत नेलं. मी अडवलं नाही, तेवढी ताकद नव्हती माझ्यात. पलंगाचा कोपरा पुन्हा बुजला.

मग बाहेर येऊन त्यांनी स्वतः गरिमाला फोन लावला.

"बाळा, तू येऊ नकोस," हे म्हणाले. "खोली रिकामी होत नाहीये. करतो करतो म्हणतो, पण नाही होत माझ्याच्यानं. आजारी आहे मी. तुझी आई म्हणते ते खरं आहे."

तिकडून गरिमाचं रडणं मला इथपर्यंत ऐकू आलं. हे एक वाक्य ऐकायला मी किती वर्षं तरसले होते! ऐकलं, तेव्हा माझ्या पोरीचं माहेर त्यात गेलं होतं. मी पदरात तोंड घालून रडले.

"तू जा तिच्याकडे," फोन ठेवून हे म्हणाले. "तिला आई हवी, खोली नाही."

"आणि तुम्ही?"

"मी जाईन डॉक्टरीणबाईंकडे. गुरुवारचं आहे ना? जाईन एकटा."

मोठी सूटकेस मधल्या खोलीत होती, ढिगाच्या तळाशी. "थांब, काढून देतो," म्हणत हे आडवे होऊन आत गेले. मी दारातून बघत होते. गठ्ठ्यामागून गठ्ठा बाजूला होत होता, धुळीनं हे खोकत होते, पण थांबले नाहीत. सूटकेस ओढून काढली, धोतरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. ती होती तिथे फरशी दिसत होती, कितीतरी दिवसांनी.

यांनी त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. मग वाकून, बाजूला काढलेला एकेक गठ्ठा त्यांनी तिथे नीट रचला. शेवटचा बसेपर्यंत त्यांचा श्वास लागला होता, आणि तो बसल्यावर संथ झाला.

मी साड्या भरायला घेतल्या.