तात्पुरता फोटो

सरांनी पडद्याजवळ जाऊन त्या फोटोवर बोट टेकवलं.

"हा माणूस. हाच ठेवायचा. चेहऱ्यावरूनच कळतं की सुटलाय."

विश्वस्तांनी माना डोलावल्या. टेबलाच्या टोकाला बसलेल्या तिने हातातलं पेन बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. व्यसनमुक्ती केंद्राच्या नव्या वेबसाइटचं काम गेले पाच महिने तिच्या गळ्यात होतं, आणि पडद्यावर हसणारा तो माणूस तिचा सख्खा दादा होता.

चूक तिचीच. रिकाम्या चौकटी दाखवल्या की केंद्रप्रमुख असलेल्या सरांना साइट दिसतच नसे, "इथे काय येणार?" या एका प्रश्नात तीन बैठका वाया गेल्या होत्या. बरे झालेले लोक फोटो द्यायला तयार नव्हते, आणि का असावेत? म्हणून काल घाईघाईत तिने मोबाइलमधला दादाचा जुना फोटो चौकटीत टाकला आणि खाली लिहिलं: याच केंद्रात बरा झालेला, दोन वर्षांपासून व्यसनमुक्त, रोज सकाळी कामावर जातो. फक्त बैठकीपुरतं. खरा दादा दाखल झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात केंद्राच्या मागच्या दाराने निघून गेला होता. वहिनी लेकीला घेऊन माहेरी गेल्याला तीन वर्षं होत आली होती. त्या ओळी लिहिताना आपल्याला बरं वाटलं, हे ती कुणापाशी कबूल करणार नव्हती.

सर रोज केंद्रात येत. तरी त्यांनी दादाला ओळखलं नव्हतं.

"सर, तो फोटो तात्पुरता आहे," ती म्हणाली.

"तात्पुरता कशाला? संमतीपत्र घ्या आणि कायमचा करून टाका. सोमवारी साइट सुरू झालीच पाहिजे."

दादा नाही म्हणेल आणि विषय तिथेच मिटेल, असा विचार करून ती संध्याकाळी संमतीपत्र घेऊन त्याच्या खोलीवर गेली. दुपारची उतरलेली आणि रात्रीची चढायची, अशी ती मधली वेळ होती. या वेळी दादा अजूनही जुन्यासारखा बोलायचा. त्याने तिचा मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि ते पान दोनदा वाचलं.

"रोज सकाळी कामावर," तो म्हणाला. "बरं लिहितेस गं चिमे."

"तू नाही म्हण, दादा. मी उद्या काढून टाकते."

"का काढतेस? कुणाचं काय जातंय? एका जागी तरी सुटलेला असू दे की मला."

त्याने सही केली. उजवा हात थरथरत होता, म्हणून डाव्या हाताने मनगट धरून केली. कागद त्याच्या हातून ओढून घ्यायला हवा होता. यावरून पुढे तिने स्वतःला पुष्कळ बोल लावले, पण त्या वेळी ती नुसती बघत राहिली.

सोमवारी साइट सुरू झाली. सरांचं कौतुक झालं, तिलाही एक पुष्पगुच्छ मिळाला. पुढच्या आठवड्यात एका दुपारी वहिनींचा फोन आला. गेल्यापासूनचा हा पहिलाच.

"पान बघितलं," वहिनी म्हणाल्या. "आधी विश्वासच बसेना. मग म्हटलं, तू आहेस तिथे. तू खोटं लिहू देणार नाहीस."

तिने समोरच्या संगणकावर ते पान उघडलं.

"रविवारी पोरीला घेऊन यावं म्हणते. त्यांना आधी सांगू नकोस."

ती उठून खिडकीशी गेली. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"वहिनी, ते मीच लिहिलंय. खरं नाहीये ते."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मी आजच काढायला सांगते," ती घाईने म्हणाली. "आत्ता सांगते."

"नको." वहिनींचा आवाज कोरडा होता. "पोरीला दाखवून बसलेय मी. शाळेतून आली की आधी ते पान उघडते. आता काढलंस तर काय सांगू तिला?"

"आणि रविवारी?"

"रविवारचं मी बघते काहीतरी. तू एवढंच कर, त्या पानाला हात लावू नकोस."

वहिनींनी फोन ठेवला. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तरी तिला चाललं असतं. ती खुर्चीत येऊन बसली. पुष्पगुच्छ अजून टेबलावरच होता, त्यातली वाळलेली पानं तिने गोळा करून टोपलीत टाकली. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. साइट बनवणारा डिझायनर होता.

"मॅडम, एक छोटीशी गोष्ट. त्या फोटोखाली 'दोन वर्षांपासून' असं आहे. पुढच्या वर्षी ते चुकीचं ठरेल, नाही का? आकडा आपोआप वाढेल असं करून देतो. पुढच्या वर्षी तीन, मग चार. पाच मिनिटांचं काम आहे."

"कुठपर्यंत वाढेल?"

"वाढतच राहील. तुम्हाला परत बघायलासुद्धा लागणार नाही."

तिने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"करून टाका," ती म्हणाली.