दोन ब्रेकांची गाडी

"समोर बघ गं भवाने, मागचं बघायला मी आहे!"

लेकीचे पाय पेडलपर्यंत पोचतही नव्हते, तेव्हापासून हा आवाज तिच्या कानात बिऱ्हाड करून होता. आई मोटार चालवायला शिकवायची. लेक मागच्या सीटवर पुस्तक उघडून अभ्यासाचं सोंग करायची. आईच्या घशातून "हं!" निघाला की गाडी थांबायची, चालवणारा थांबायचा, समोरचं कुत्रंसुद्धा शेपूट घालून थांबायचं. शिकवणीच्या गाडीला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी शिकवणाऱ्याच्या. म्हणून गल्लीने आईचं नाव ठेवलं मोठा ब्रेक. पुढे लेकही शिकवू लागली, तर बारशाआधीच नाव तयार! छोटा ब्रेक.

वय बत्तीस, तरी छोटाच. परवा दातांचे डॉक्टर शिकायला आले आणि तिला बघून तोंड वाकडं करत म्हणाले, "मोठ्या बाई नाहीत का?"

"आहेत ना. तुमचे पेशंट तुमच्या आईला बोलावतात का हो?"

डॉक्टर तणतणत चाकाशी बसले आणि पहिल्याच वळणाला कचराकुंडीला जाऊन भिडले असते, पण तिने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

त्याच संध्याकाळी तिने घरात बॉम्ब टाकला. शहरबस चालवायची नोकरी धरायची, चाचणी शुक्रवारी.

"बस?" आईने चहाचा कप आपटला. "पन्नास माणसं घेऊन? तुला एक आई शेजारी बसवून धड चालवता येत नाही!"

लागलं ते वर्मी. कारण लेकीच्या पोटातही तीच भीती होती. ती चाकाशी बसली की शेजारी आई असायचीच, पाय पेडलवर रोवून. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, पण हे कौतुक कोणाच्या पायाचं? तिच्या की आईच्या? बसला तर एकच ब्रेक.

शुक्रवारी आई नटूनथटून दारात उभी. "चल, मीही येते डेपोपर्यंत. चालव तूच."

निघाल्या. चौक आला. "हं!" लेकीचा पाय आपसूक खाली. शाळेचं फाटक. "हं!" पुन्हा पाय खाली. पाय तिचा, हुकूम आईचा, आणि गाडी बिचारी दोघींच्या मध्ये.

पुढचा रस्ता लख्ख मोकळा होता. लांब, पार कडेला, एक सायकलवाला आपल्याच तंद्रीत चाललेला.

"हं!"

लेकीने दात-ओठ खाल्ले. आज मी नाही दाबत, दाबू दे मोठ्या ब्रेकला.

आईने पाय आपटला, धाड! गाडी थांबली नाही. पुन्हा धाड! गाडी आपली माहेरी निघाल्यासारखी मजेत चालली. सायकलवाला हातभर नव्हे, चांगला चार हात लांबून मागे गेला.

लेकीने गाडी हळूच कडेला घेतली.

"आई, तुझा ब्रेक गेलाय! परवा डॉक्टर मेले असते म्हणजे!"

"डॉक्टर असतील तेव्हा चालतो तो."

"म्हणजे?"

आईने चष्मा काढला. पदराने पुसला, पुन्हा पुसला.

"अगं बोल ना! एरवी तोंड मिटत नाही तुझं."

"तू चाकाशी बसलीस की मी खाली वाकते. तुला वाटतं, चप्पल नीट करते. मी माझ्या पेडलची खीळ काढते, मग तो नुसता हलतो, ब्रेक लागत नाही."

"कधीपासून?"

"तुझं लायसन आलं तेव्हापासून."

"मग एवढी वर्षं बोंबलत काय होतीस?"

"तुझा बाप माझा 'हं' ऐकून वेग वाढवायचा. घरात थांबायचीस ती तू एकटी." आईने नाक ओढलं. "तुला माझ्या पायाची गरज नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला. सांगितलं असतं तर शेजारी बसू दिलं असतंस का गं?"