गळती नसलेले वाफे

लोक त्याला वॉशर म्हणत. सगळी हयात दुसऱ्यांचे नळ दुरुस्त करण्यात गेली आणि खिशात कायम रबरी वॉशर सापडायचे, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. खरं नाव बायकोलाही चटकन आठवलं नसतं. ती त्याला 'अहो' म्हणायची, तेवढ्यावर संसार चालला होता.

माणूस कामाला वाघ, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! कुठं थेंबभर पाणी गळताना दिसलं की याच्या जिवाची घालमेल सुरू. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी चहा राहायचा बाजूला आणि हा बाह्या सरसावून मोरीत शिरायचा. त्याच्या हाताखालून गेलेल्या घरात कुणा बाईला बादली उचलून न्यावी लागली नाही, असं तो छाती पुढे काढून सांगायचा. खोटं नव्हतं ते. मात्र ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते.

तर या वॉशरच्या बायकोला थंडीत अर्धांगाचा झटका आला. कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना बटणं लावण्यात जिची सगळी नोकरी गेली, त्या बाईचा नेमका उजवा हात गेला. उजवा पाय तेवढा थोडा शाबूत राहिला. घरी व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. स्पष्टवक्त्या. त्यांनी पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवून सांगितलं, "हलत राहिलात तर हा पाय तुमचा. पडून राहिलात तर गेला. मधलं काही नाही."

त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. बायकोने तो कपाटामागे भिरकावला. "मी काय तान्हं बाळ आहे?" म्हणाली. भिंतीला धरून येरझारा घालायला सांगितल्या, तर म्हणे भिंतीशी माझं काय भांडण आहे. पण रोज सकाळी उठून, पाय ओढत ओढत ती घरामागच्या वाफ्यांना पाणी घालायला मात्र जायची. वाफे तिचे होते. टोमॅटो, पालक, काकडी, आणि कुंपणाकडेला भोपळ्याचा वेल. डाव्या हाताने झारी अर्धी भरायची, त्यातलं निम्मं स्वतःच्या पायांवर सांडायचं, उरलेलं रोपांना. एकेका वाफ्याला इतका वेळ लागायचा की शेवटच्या वाफ्यापर्यंत ऊन डोक्यावर यायचं.

वॉशर हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचा आणि हातातला चहा गार होऊन जायचा. "मी घालतो ना," असं एकदा म्हणून बघितलं. "माझ्या वाफ्यात पाऊल टाकलंत तर बघा," एवढंच उत्तर मिळालं.

एके दिवशी ती चिखलात घसरून गुडघ्यांवर पडली. उठायला टोमॅटोच्या काठीचा आधार घेतला, तर काठीच उपटून हातात आली. वॉशर धावला. तिला उठवताना त्याला दिसलं की ती रडतेय. हॉस्पिटलात डॉक्टरांनी हाताचं सांगितलं तेव्हा जिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती बाई हातात टोमॅटोची काठी धरून रडत होती.  हे आता पुरे, असं त्याने त्याच क्षणी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तो बागेच्या सामानाच्या दुकानात गेला. दुकान चालवणारी बाई हुशार होती, गिऱ्हाईक बघून माल काढणारी. तिने आधी गोल फिरणारा फवारा दाखवला.

"हा निम्मं पाणी वाटेला पाजणार," वॉशर म्हणाला. "आणि पानं भिजवून कुजवणार ते वेगळंच."

मग तिने एक काळी, खरबरीत नळी काढली. तिच्या अंगभर बारीक छिद्रं. जमिनीवर टाकायची, पाणी सोडायचं, सगळीकडून पाझरतं.

"म्हणजे गळकी नळी?"

"गळकी नाही हो काका, पाझरणारी."

"बाई, आयुष्यभर मी गळत्या बंद केल्या. आता पैसे देऊन एक घरी नेऊ?"

दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. बाईही हसली आणि तिने मुकाट्याने ठिबकचं सामान पुढ्यात मांडलं. हे मात्र त्याला पसंत पडलं. प्रत्येक रोपाच्या बुडाशी एक तोटी, तिच्यातून हिशेबाने थेंब, बाकी नळी कोरडी ठणठणीत. नळाला लावायचा टायमरसुद्धा मिळाला. वेळ झाली की आपोआप चालू, वेळ झाली की बंद. माणसाने बोट लावायचं काम नाही.

मग झाकणांचा विषय निघाला. कोवळ्या पालकाला किडे कुरतडत होते आणि बायको वाकून वाकून एकेक पान उलटं करून बघायची. तेही बंद व्हायला हवं होतं. दुकानवालीने तीन प्रकार दाखवले. जाड पांढरं कापड थंडीसाठी, त्याच्याखाली ऊन कमी पोचतं. पातळ पांढरं, वजनाला हलकं, आतून उजेडही चांगला. तिसरी जाळी, वारा खेळता राहतो पण बारीक किडा शिरतो. 'शिरतो' म्हटल्यावर जाळी बाद झाली. वॉशरने पातळ कापड घेतलं आणि ते ताणून धरायला तारेच्या कमानी घेतल्या.

"काय काय लावलंय काका?" बाईने विचारलं.

"पालक आहे, टोमॅटो आहे. काकडी, भोपळा."

"मग काकडी-भोपळ्याला फुलं आली की मात्र…"

पण वॉशरच्या हातात तेव्हा नळीचा एक जोड होता आणि त्याचे आटे त्याला पसंत नव्हते. असले आटे महिन्याभरात ढिले पडतात, यावर तो बाईला भाषण देऊ लागला. बाईचं वाक्य तिथंच राहिलं. याच्या कानांवर पडलं होतं, नाही असं नाही. कानामागे टाकलं, झालं.

बसवलं मात्र असं की बघत राहावं. नळ्या दोरीने आखल्यासारख्या सरळ, प्रत्येक जोडावर टेप, टोकांना बुचं. कमानींवर कापड ताणलं, कडा मातीत पुरल्या, वर विटा ठेवल्या, आणि तरीही समाधान झालं नाही म्हणून पाइपाचे क्लॅम्प मारून कापड कमानींना आवळलं. मुंगीला शिरायचं तर परवानगी काढावी लागली असती. बायकोची जुनी झारी त्याने भंगारवाल्याला देऊन टाकली.

बायको दारातल्या खुर्चीवर बसून बघत होती.

"बघ," तो घाम पुसत म्हणाला. "आता तुला काही म्हणजे काही करायला नको."

ती जरा वेळ त्या पांढऱ्या वाफ्यांकडे बघत राहिली. मग "छान झालंय," म्हणाली आणि भिंतीला धरून आत गेली.

शहाण्या माणसाने तिचा चेहरा बघितला असता. वॉशर टायमर बघत होता.

सुरुवातीला ती सकाळी दारापर्यंत यायची. पुढे खिडकीपर्यंत. बाहेर बघायला कापडाशिवाय काही नव्हतं, मग खिडकीही सुटली. चहा पलंगावर जाऊ लागला, पाठोपाठ जेवणाचं ताटही. वॉशरला वाटलं, दमली होती बिचारी, आराम मिळतोय. तो स्वतः ताट नेऊन द्यायचा, उशी सारखी करायचा, आणि बाहेर टायमर टिक् करून चालू झाला की त्याला बरं वाटायचं.

व्यायामाच्या बाई मधे सुट्टीवर होत्या. परत आल्या तेव्हा त्यांनी बायकोचा पाय हातात घेतला, घोटा फिरवून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बागेत जात नाहीत का आता?"

वॉशरने त्यांना मोठ्या हौसेने मागे नेलं आणि सगळी करामत दाखवली. बाईंनी ऐकून घेतलं. "काम फार सुबक आहे," त्या म्हणाल्या. "पण काका, त्यांचा पाय बारीक होत चाललाय. असंच चाललं तर पुढच्या वेळी माझं इथं काही काम उरणार नाही."

त्या गेल्या आणि वॉशरचे धाबे दणाणले. त्याने बायकोला फिरायला चल म्हणून विनवलं. कपाटामागून चेंडू काढला, धुऊन तिच्या उशाशी ठेवला. काठी आणली. शेवटी आवाजही चढवला, आणि मग चढवला म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या. ती पलंगावरून हलली नाही.

"निदान अंगणात तरी चल."

"कशाला?" ती म्हणाली. "तिथं माझं काय काम?"

याच सुमारास काकडी फुलली. कापडाखाली पिवळंधमक झालेलं बाहेरूनही दिसत होतं. वॉशरने एक कड उचलून आत डोकावलं आणि त्याचं तोंड उतरलं. फुलांच्या मागे करंगळीएवढ्या काकड्या होत्या, पण एकेक पिवळी पडून सुकलेली. हात लावला की गळून पडायची. भोपळ्याची तीच गत. त्याने तोट्या तपासल्या, नळी तपासली, माती चिमटीत दाबून बघितली. ओल अगदी हवी तेवढी होती.

गळलेली फुलं मुठीत घेऊन तो पलंगापाशी आला. "पाणी कमी पडतंय का गं?"

तिने ती फुलं डाव्या तळहातावर घेतली. एक काकडी अंगठ्याने चुरडली. आणि तिच्या वाकड्या झालेल्या ओठांवर हसू आलं, पण ते बघून वॉशरला हसावंसं वाटलं नाही.

"मधमाशी कुठून येणार? चहूकडून बंद केलंत."

"मधमाशी?"

"नर फुलावरची मादी फुलावर जायला नको? फुलं आली की कापड काढायचं असतं."

वॉशर खुर्चीत बसला. "तुला कधीपासून माहीत होतं हे?"

"तुम्ही विटा ठेवत होतात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलंत?" तिचा आवाज चढला नाही. झटक्यापासून तो चढतच नसे, शब्द एकेक करून यायचे. "झारी देताना विचारलंत? उजवा हात देवाने नेला. डाव्या हाताचं काम तुम्ही नेलंत."

"अगं, तुझ्यासाठीच केलं सगळं! तू पडलीस, रडलीस…"

"पडले तर पडले. माझ्या वाफ्यात पडले." ती थांबली. श्वास घेतला. "माझ्यासाठी नाही केलंत. मी धडपडताना तुम्हाला बघवत नव्हतं, म्हणून केलंत."

वॉशरने तोंड उघडलं. वाद घालण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, पण खिडकीत गार होणारा चहा त्याला आठवला.

"हो," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "नाही बघवत मला."

"आणि अशी पडलेली बघवते?"



तो उठला आणि मागे गेला. आधी क्लॅम्प सोडले, विटा काढल्या, कापडं गुंडाळून भिंतीशी टाकली. मग नळापाशी बसला. न गळणारा जोड त्याने जन्मात कधी खोलला नव्हता. आज त्याने पाना लावला. टायमर काढला, नळ्या एकेक करून उपटल्या आणि वेटोळं करून खोलीत आणून तिच्या पलंगापुढे ठेवल्या.

"काढलं सगळं," तो म्हणाला. "पाणी बंद आहे. मी घालणार नाही."

"मरतील मग."

"मरू देत."

म्हणाला खरा, पण त्या दिवशीचं ऊन काही साधं नव्हतं. दुपारपर्यंत काकडीची पानं माना टाकून लोंबली. पालक जमिनीला टेकला. भरल्या नळापासून चार पावलांवर रोपं तहानेने मरत होती आणि जन्मभर घरोघरी पाणी पोचवलेला माणूस हाताची घडी घालून बसला होता. कितीदा उठला आणि परत बसला. रात्री जेवण गेलं नाही. आपण मूर्खपणा केला, रोपं जातील आणि पायही जाईल, असं त्याच्या मनाने घेतलं.  ती मात्र पलंगावर कुशीवर होऊन खोलीच्या उघड्या खिडकीतून वाफ्यांकडे बघत होती.

सकाळी तो ओट्यापाशी उभा असताना मागे पाय ओढल्याचा आवाज झाला. त्याने मागे वळून बघायचं धाडस केलं नाही.

"झारी कुठाय?"

"भंगारात दिली."

"शहाणेच आहात."

तिने ओट्यावरचं दुधाचं रिकामं पातेलं उचललं आणि दाराकडे निघाली. पाय आधीपेक्षा वाईट झाला होता. एक पाऊल टाकायचं, मग उजवा पाय मागून ओढून आणायचा, मग थांबायचं. पायरीवर तिचा तोल गेला, खांदा चौकटीवर आदळला. वॉशर झेपावला.

"थांबा," ती म्हणाली. मागे न बघता. "बघवत नसेल तर आत जा."

तो जिथं होता तिथं थांबला.

ती नळापर्यंत गेली. पातेलं खाली ठेवलं, डाव्या हाताने नळ फिरवला. पाणी भरलं, पातेलं उचलताना हिंदकळलं, साडीवर सांडलं. चार पावलांवरच्या काकडीपर्यंत जाताना आणखी सांडलं. ती वाफ्याच्या कडेला आधी हात टेकून, मग गुडघा टेकून बसली, आणि पातेल्यात घोटभर उरलं होतं ते पहिल्या रोपाच्या बुडाशी ओतलं.

मग उठायला लागली. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. वॉशरने चौकट इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. तिसऱ्यांदा ती उठली, कंबर सरळ केली आणि रिकामं पातेलं घेऊन परत नळाकडे वळली. अख्खी बाग राहिली होती.

तो आत गेला नाही.