नळावर आलेला आळ

मी एक जुना नळ आहे. पितळी, बेसिनवरचा, मान वाकडी. मित्रांनो, कारखान्यात मला घासूनपुसून चकचकीत केलं तेव्हा कारागीर म्हणाला होता, "हा टिकेल." टिकलो. या घरात नवेपणी कौतुकही झालं, मग सगळे मला विसरले. आठवण झाली ती थेट आरोपी म्हणून.

गच्चीवरची टाकी भर दुपारीच रिकामी व्हायला लागली. बाबांचा संशय माझ्यावर, आईचा काकावर, काकाचा शेजाऱ्यांवर. माझा सगळ्यांवर. साबणही भराभर झिजायचा. त्यात मात्र काका निर्दोष सुटला, त्याच्या आंघोळीची ख्यातीच तशी होती.

खरं मला माहीत होतं. घरातली धाकटी लेक, लाडाने मुंगी, हात धुवायची, दारापर्यंत जायची, परत यायची. पुन्हा धुवायची. बोटं सोलून लाल झालेली. पण नळाची साक्ष कोण घेतो?

एका रविवारी बाबांनी पाना उचलला. "आज याचा निकालच लावतो!"

"दादा, मेन कॉक बंद केलास ना?" काकाने विचारलं.

"मला शिकवू नकोस."

नव्हता केला. माझं डोकं उडालं ते काकाच्या कपाळावर. कारंजं छताला भिडलं. काकाने अडवायला बादली धरली, तीही उपडी. आई दारातच नखशिखान्त भिजली.

मुंगी रडायला लागली. "घाण पाणी उडालं! आता आई आजारी पडेल!"

"मी कशाला आजारी पडू गं?"

"माझे हात स्वच्छ नसले की पडशील. खोटं आहे ते, मला कळतं. पण डोकं गप्पच बसत नाही, आई."

"म्हणून भाजी, डाळ, दूध सगळं ढकलतेस?"

"त्याला कुणाकुणाचे हात लागलेले असतात..." म्हणता म्हणता ती चक्कर येऊन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी, प्लंबरने माझं डोकं परत बसवल्यावर, आई माझ्याखाली औषधाचा चमचा विसळत काकाला सांगत होती, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात लोह कमी, जीवनसत्त्वंही कमी. त्याला औषध आणि नीट जेवण. आणि हे सारखं धुणं म्हणजे मनाचा आजार. त्याचे उपचार वेगळे, त्याला वेळ लागेल."

"आणि दादाच्या पान्याला काही औषध?"

"तो मी माळ्यावर टाकलाय."

मित्रांनो, घरात कुणी पोर सारखं हात धुत असेल, ताट सरकवत असेल, तर "नाटकं करते" म्हणू नका. असं म्हणणाऱ्यांचा मला अजून संशय येतो. जवळ बसा, विचारा, डॉक्टरांकडे न्या. काल मुंगी दारातून परत फिरली, आज तिने एकदाच हात धुऊन मला बंद केलं. उंबऱ्यात उभी राहिली. आई शेजारी होती. मग मुंगी ओल्या हातांनीच ताटावर जाऊन बसली.