बॅगेत मावणारा रविवार

माह्या घरी दर रविवारी बारा पोट्टे येत. माह्ये नाहीत ते. माह्या पोटचा एकच, धम्मदीप, आन तो जर्मनीत. हे बारा गावातले, आमच्या पिंपळगाव राजाचे. येत, समोरच्या खोलीत टीव्हीपुढे बसत आन मारामारीचा गेम खेळत. दोघं खेळणार, दहा बोंबलणार. हरला तो उठणार, जिंकला तो बसून राहणार. महिन्याच्या शेवटच्या रविवारी टूर्नामेंट. माह्याच घरात काऊन, तं टीव्ही मोठा आन माणूस एक. बाकी घराईत उलटं.

मी चहा करणार. चहात साखर जरा जास्तच टाकतो मी. मंग पोट्ट्याईले तहान लागते, पाणी मागतात, आन पाण्यासाठी थांबले की अर्धा घंटा अजून बसतात.

सोमवार ते शनिवार माह्या घरात एकच आवाज असते, फ्रिजचा. तो बी मधात मधात बंद पडते.

गोष्टी बी सांगतो मी पोट्ट्याईले. खऱ्या नाही सांगत. खऱ्या गोष्टी लय लहान असतात. एकदा सांगतलं, आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतली टॉकीज आली, तिचा पडदा फाटला, तं मालक रडाले लागला. मी म्हटलं रडू नको बाप्पा, आन माह्या आईचं लुगडं लावून देल्लं. पिक्चर चालू झाला. पण त्यातला गुंड लुगड्याच्या पदरात गेला, मी पदराले गाठ मारली, आन तो चार दिवस आमच्या घरी राह्यला. भाकर खाये, भांडे घासे.

"मंग पिक्चर कसा संपला आजी?" मयुरीनं विचारलं.

"संपलाच नाही. हिरो अजून शोधून राह्यला."

मयुरी म्हणजे आमच्या बाजूच्या मंजुश्रीची पोट्टी. खामगावले कॉलेजात जाते. बारा जणात पोट्टी ती एकटीच, आन बाकी अकराईले हरवते. तिच्या जोडीले संघपाल. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय स्टँडवर. गेमचा डबा त्याचा, टूर्नामेंटचं डोकं तिचं.

तं झालं असं, की एका दुपारी लाईन गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, आन टीव्हीतून अगरबत्तीसारका धूर निघाला. संघपालनं उघडून पाह्यलं, म्हणे, "आजी, हा आता फक्त पुसाच्या कामाचा."

मले वाटलं, वर्गणी करतीन, दुसरा आणतीन, त्याच खिळ्याईले लावतीन. पण मयुरीचं डोकं पुढं धावून राह्यलं होतं.

"आता भिंतीवरचा नाही घ्याचा," ती म्हणे. "बॅगेत मावणारी स्क्रीन येते. पातळ, पाटीसारकी. पावर बँकवर चालते. लाईन गेली तरी गेम चालू. जळगाव जामोदवाले बोलावून राह्यले, डोणगाववाले बोलावून राह्यले. दर रविवारी येक गाव."

"वा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

चहा उतू गेला त्या दिवशी.

खामगावले स्क्रीन पाहाले जाचं ठरलं, तं मले बी संगं घेतलं. शोभेसाठी नाही, कामासाठी. माह्या डोळ्याची गोष्ट गावात मशहूर हाय, आन ही गोष्ट खरी हाय. मांगं एकदा जुन्या टीव्हीची काही सेटिंग हालली होती. पोट्टे खेळून राह्यले होते, कोणाले समजलं नाही. मी चहा घेऊन आली आन म्हटलं, "अबे, हा माणूस उशिरा उडून राह्यला." सगळे हासले. संघपालनं मोबाईलवर तो हळू चालणारा व्हिडिओ काढून पाह्यला, तं खरंच. बटन दाबलं आत्ता आन माणूस उडाला मंग. त्याले हे लोकं लॅग म्हणतात. मारामारीत तेवढ्यात आपलं डोकं फुटते.

मले कसं दिसलं? अवं, आठ वर्षं झाले, मी धम्मदीपले फोनवर पाहून राह्यली. मी म्हणतो, "जेवला का रे?" तो मले पाहतच राहते. मंग हासते. मंग म्हणते, "हाव." त्या मधल्या जागेतच राहतो मी. मले नाही ओळखू येणार तं कोणाले येईन?

भगवानरावच्या दुकानात गेलो. भगवानराव म्हणजे जाडा माणूस, पंख्याखाली बसते आन तरी घाम पुसत राहते. त्यानं आधी प्रोजेक्टर काढला, डबडं येवढंसं.

"भिंतीवर सिनेमा दिसते, माय. खिशात घालून न्या."

"दिवसा दिसते का?" मयुरीनं विचारलं.

"खिडक्या लावा ना."

"पोरं उकडून मरतीन," मी म्हटलं. "मंग टूर्नामेंट सोडून पंचनामा करा."

भगवानराव हासला. दुसरी काढली, तीच पाटीसारकी. सतरा इंची, पाठीमांगं टेका. संघपालनं एका हातावर तोलली. दप्तरात गेली, दप्तराची चैन लागली, दप्तर मयुरीच्या पाठीवर गेलं, आन पोट्टी दुकानात गोल फिरली. तिचं तोंड पाहाले पाह्यजे होतं तुम्ही. लग्नात नवऱ्या बी येवढ्या नाही फुलत.

तिसरा, भिंतीवरचा टीव्ही, त्रेचाळीस इंची. पडून राह्यलेला माल, म्हणून सस्त्यात. वर्गणीत दोनाईपैकी एकच बसत होता.

"याच्यात गेमची वेगळी सेटिंग नाही," संघपाल रिमोट दाबून म्हणे. "लॅग असू शकते. आजी, तू पाह्य बरं."

त्यानं डबा आधी पाटीले लावला. मयुरीनं बटन दाबलं. तिचा अंगठा आन आतला माणूस, जसे एकाच दोरीनं बांधलेले. मंग मोठ्याले लावला. अंगठा खाली गेला. माणूस उभाच. मंग उडाला.

दिसलं मले. साफ दिसलं.

दोघं माह्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. आन मले त्या पाटीत जळगाव जामोदची गाडी दिसून राह्यली होती, डोणगावची गाडी दिसून राह्यली होती. मोठ्या टीव्हीत काय दिसलं, तं माह्या घरची भिंत.

"लहानी उशिरा चालते," मी म्हटलं. "मोठा बरोबर हाय."

मयुरीच्या कपाळावर आठी आली. "मले तं उलटं वाटलं वं आजी."

"तुले नव्याचं येड लागलं म्हणून. नीट पाह्य."

"आजीचा डोळा चुकला का कधी?" संघपाल म्हणे. आन तेच मले जास्त लागलं.

भगवानराव खोकं बांधता बांधता म्हणे, "पटला नाही तं आठ दिवसात बदलून नेजा. खोकं फाडू नका फक्त."

पोट्टीनं पाठीवरचं दप्तर उतरवलं, स्क्रीन काढून देल्ली. टीव्ही एसटीत जाईना, म्हणून टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून आणला. त्याच खिळ्याईले लावला. माह्या घराले पुन्हा तोंड आलं.

पुढच्या रविवारी सगळे आले. मी साखर अजूनच टाकली. पोट्टे म्हणे, "काय मोठा दिसून राह्यला बे!" खेळ चालू झाला, आन मयुरी हरली. पहिल्याच पोट्ट्याच्या हातून. सगळे बोंबलले. ती हासली, पुन्हा बसली, पुन्हा हरली.

"काय वं, स्वयंपाकाले लागली का?" कोणीतरी म्हणे.

बाकीचे अंदाधुंद बटनं दाबणारे, त्याईले उशीर काय आन घाई काय. जिचा हात बरोबर वेळेवर जाये, तीच मार खाऊन राह्यली होती. संध्याकाळपर्यंत ती भिंतीले टेकून बसली. चहा घेतला नाही.

बुधवारी ती एकटी आली. सोमवार ते शनिवारात माह्या घरी कोणी आलं, हे मले सणासारकं झालं. पण पोट्टी आली ती हातात संघपालचा गेमचा डबा आन वायर घेऊन. दुपारभर मशीनसंगं खेळली. हरली की पुन्हा चालू, हरली की पुन्हा. तिच्या बोटाईले दुखण्याच्या मलमाचा वास येत होता.

"काय झालं वं हाताले?"

"काही नाही." मंग खेळता खेळताच म्हणे, "आजी, माह्ये हात गेले."

"हात कुठं जातात? खांद्याले तं लटकून हायेत."

हासली नाही. "मले समजते, कवा मारायचं ते. मारतो मी. पण पोहोचत नाही. पहिले पोहोचत होतं." तिनं ते बटनाचं खेळणं खाली ठेवलं. "संघपालले सांगतो मी, जळगाव जामोदच्या टूर्नामेंटातून माह्यं नाव काढ. नाहीतरी स्क्रीन नाही तं तिकडे काय न्यायचं? इथंच खेळतो दर रविवारी, टाईमपास."

पाहा आता. हेच पाह्यजे होतं मले. दर रविवारी, इथंच. देवाले मानत असती, तं म्हटलं असतं देवानं ऐकलं. तोंड बंद ठेवाचं, बस. दुकानदाराचे आठ दिवस बी उद्या संपत होते. मी उठली, सैपाकघरात गेली, चहाचं पातेलं ठेवलं. साखरेच्या डब्यात चमचा घातला आन तिथंच उभी राह्यली.

तिकडून आवाज आला. ती बोटं मोडून राह्यली होती, एकेक, एकेक.

मी बाहेर आली. "मयुरे, तुह्ये हात चांगले हायेत. टीव्ही उशिरा चालते."

"आजी, राहू दे. माह्यं मन राखू नको."

"खरं सांगतो."

"गुंडाले पदरात बांधलं, ते बी खरंच सांगे तू."

जिंदगीभर लोकाईनं माह्या खोट्यावर हासून टाळ्या देल्ल्या, आन आज खरं बोलली तं पोट्टी माह्याकडे पाहत बी नव्हती.

"मोबाईल काढ," मी म्हटलं. "तो हळू चालणारा व्हिडिओ लाव. मी धरतो. तू बटन दाब."

मोबाईल मी दोन्ही हातानं धरला. तिनं बटन दाबलं. मंग दोघी डोकं लावून पाहाले लागलो. व्हिडिओत तिचा अंगठा खाली गेला. माणूस उभा. अंगठा वर आला. माणूस उभाच. तवा कुठं तो उडाला.

तिनं तीनदा पाह्यलं. मंग मोबाईलवरून नजर न काढता म्हणे, "तुले दुकानात दिसलं होतं?"

"हाव."

पोट्टी उठली. वायर गुंडाळली, नीट, बोटाभोवती. चपला घातल्या. चहा गॅसवर राह्यला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघपाल एक पोट्टा घेऊन आला आन टीव्ही उतरवला. मी म्हटलं, "चहा?" तो म्हणे, "घाई हाय आजी." त्यानं कधी चहाले नाही म्हटलं नव्हतं. दुपारी मंजुश्रीकडून समजलं, पाटी आली म्हणे घरी.

रविवारी सकाळी पावणेसातले मले आवाज आले गल्लीतून. बाराई जणाईचे. कोणी तरी संघपालले म्हणे, "अबे, दप्तरावर नको बसू." मयुरीचा आवाज त्यात होता, पण शब्द समजले नाहीत. मी दारामांगं उभी होती, कडीले हात लावून. उघडली नाही. उघडली असती तं त्याईले काही तरी म्हणाले लागलं असतं, आन मलेही.

मंग गाडीचा हॉर्न, मंग काही नाही.

त्या दिवशी मी काय केलं सांगू? समोरची खोली दोनदा झाडली. कचरा निघाला नाही. मंग पोट्टे जसे बसत, तशी भिंतीले टेकून बसली. खोली येवढी मोठी हाय, हे मले माहीत नव्हतं. मनातल्या मनात एक गोष्ट जुळवाले घेतली, की गाडी घाटात पंक्चर झाली आन बाराईच्या बारा पोट्ट्याईले हरणाईनं पाठीवर बसवून आणलं. अर्ध्यात सोडली. गोष्टीले बी ऐकणारा लागते.

दिवेलागणीले मयुरी आली. दारातच उभी राह्यली. पाठीवर दप्तर.

"दुसरा नंबर आला," म्हणे.

"पहिला कोणाचा?"

"तिथल्याच एका पोट्टीचा. डिंपल नावाची. लय भारी खेळते." हे सांगताना तिचे डोळे चमकले, मंग पुन्हा विझले. "आजी, काऊन केलं तू असं?"

माह्या तोंडात गोष्ट तयार होती. डोळ्यात मोतीबिंदू उतरला, दुकानात भूत होतं, भगवानरावनं मंतरलं. चांगल्या गोष्टी होत्या. पण ती दप्तराचा पट्टा धरून उभी होती, आन अंगावर बसचा धुरळा होता.

"तुम्ही गेले असते ना," मी म्हटलं. "म्हणून."

"अवं, तं सांगायचं नाही का?"

"असं कसं सांगावं वं? या म्हणावं, तं माणसं येतात दोन डाव. मंग त्याईले बी कामं असतात."

ती खोटं नाही बोलली, की नाही आजी, आम्ही येतच राहू. दप्तर खांद्यावरून उतरवून पायाजोळ ठेवलं आन उंबरठ्यावर बसली. मी बी बसली, इकडल्या बाजूनं. गल्लीतले लाईट लागले. शंकररावची म्हैस कोणीतरी घराकडे हाकलून नेली.

मंग मंजुश्रीनं तिकडून आवाज देल्ला, "मयुरे, जेवाले ये!"

"आली!" ती वरडली, आन उठली नाही. मले म्हणे, "पुढच्या रविवारी डोणगाव हाय. पहिली गाडी."

"जा ना. जिंकून ये."

"हाव."

आईनं दुसऱ्यांदा आवाज देल्ला, तवा ती उठली. दप्तर घेतलं, चार पावलं गेली. मी दाराची कडी लावली नाही, तशीच बसून राह्यली, तिचं दार उघडून बंद होईपर्यंत.